सोवळ्यातले हात

रत्नागिरीच्या आमच्या जुन्या घरात आत्या सोवळ्यात असली की तिचे हात बोलू लागत. ओठांवर स्तोत्र चाललेले, त्यामुळे शब्दाला जागा नाही. नैवेद्य दाखवून होईपर्यंत कुणाला, कशाला शिवायचे नाही. आणि चुलीपाशी तर पदोपदी काहीतरी हवे. मग तर्जनी किंचित उचलली जाई ती फडताळाकडे, तळवा पालथा होई तो 'झाकण ठेव' म्हणून, आणि मनगटाच्या एका अधीर हेलकाव्यात 'तांब्या नव्हे रे, पळी' एवढे सगळे वाक्य मावे. आम्ही पोरे ते बिनचूक वाचत असू. कुणी शिकवले नव्हते.

त्या हातांकडे पुन्हा रसिकतेने पाहायला लावले ते एका अडगळीतल्या खेळण्याने. गेल्या गणपतीत भाच्याने माळ्यावरून आपला जुना किनेक्ट खाली काढला. वितीहून थोडी लांब, काळी पट्टी. मायक्रोसॉफ्टने 4 नोव्हेंबर 2010 रोजी तो अमेरिकेत बाजारात आणला तो व्हिडिओ गेमसाठी: हातात काही धरायचे नाही, आपण हललो की पडद्यावरचा खेळगडी हलतो. सहाच दिवसांत एक्तोर मार्तिन नावाच्या स्पॅनिश तरुणाने, तो कुठल्याही संगणकाला जोडता यावा अशी किल्ली शोधून काढली आणि त्यावर लागलेले 3000 डॉलरचे बक्षीस जिंकले. पुढे 2017 मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पण माझ्या लेखी या पट्टीचे खरे आयुष्य सुरू झाले ते कुलूप उघडले त्या दिवशी.

आधी तिचे पाहणे कसे आहे ते आपण पाहू. माजघरातले दिवे मालवून भाच्याने जुन्या हँडीकॅमचा रात्रीचा डोळा उघडला, आणि एरवी कोरी दिसणारी भिंत हजारो ठिपक्यांनी भरून गेली. मृगाच्या तोंडावर एखाद्या झाडावर काजवे उतरावेत आणि लुकलुकायचे विसरून स्थिर व्हावेत, तशी. अवरक्त किरणांचे हे ठिपके आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. आता त्यांची ठेवण न्याहाळा. रांगोळीचे ठिपके कसे ओळीत, समसमान. इथे मात्र ओळ मोडण्यातच सारी कला आहे. कुठलाही एक घोळका दुसऱ्यासारखा नाही, म्हणून तर पट्टीतला चार बोटे पलीकडचा दुसरा डोळा प्रत्येकाला नेमका ओळखतो, आणि तो जागचा किती सरकला यावरून समोरची वस्तू किती लांब हे ताडतो. सेकंदाला तीस वेळा. तिला रंगीत कॅमेराही आहे, पण अंगाची हालचाल ओळखताना तो जणू मिटलेलाच. चेहरा, वर्ण, वस्त्राचा रंग यांतले काही तिथवर पोचत नाही, पोचते ते केवळ अंतर. माणसाकडे इतक्या निरिच्छपणे पाहणारा डोळा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आणि त्या अंतरांतून अंग कसे उमलते! मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजच्या संशोधकांनी 2011 मध्ये ती रीत मांडली. चित्रातल्या एकेका बिंदूला साधेसे प्रश्न विचारायचे: तुझ्या जरा वरचा बिंदू तुझ्याहून जवळ की लांब? डावीकडचा? अशा उत्तरांच्या फांद्यांवरून उतरत बिंदू स्वतःच सांगतो, मी कोपर, मी खांदा. शरीराचे 31 भाग 31 रंगांत रंगतात, माणूस क्षणभर ठिगळाठिगळांच्या गोधडीसारखा दिसतो, आणि मग त्या गोधडीतून वीस सांध्यांचा एक काटकुळा सांगाडा उभा राहतो.

त्या संध्याकाळी वाडीतला एक जाखडी नाचणारा तरुण आरतीला आला होता. पायात चाळ बांधलेलेच. भाच्याने त्याला पट्टीसमोर उभे केले. पहिल्या ठेक्याला पडद्यावरचा सांगाडा नुसता हलला. दुसऱ्या आवर्तनात मात्र कमरेतून निघालेली लय गुडघ्यात कशी उतरते, आणि खांदा तिला क्षणभर रोखून मग कसा सोडतो, हे असे उघडे झाले की, जन्मभर ज्याकडे 'नाच' म्हणून पाहिले त्याचे व्याकरणच कुणी वाचून दाखवावे. मग गडी गिरकी घेऊन पाठमोरा झाला आणि यंत्र गोंधळले; माणूस आपल्याकडे तोंड करूनच उभा असणार हे त्याने गृहीत धरलेले, त्यामुळे डावा हात उजवा झाला. मधे मृदंग आणि भोवती फिरते रिंगण, ही जाखडीची सगळी मांडणीच त्याच्या समजुतीबाहेरची. तो सांगाडा काढतो तो एका वेळी दोघांचाच. आणि दुसऱ्या दिवशी हौसेने अंगणात नेला, तर भाद्रपदाच्या उन्हात सगळे काजवे बुडून गेले. मला या उणिवा गोड वाटतात. यंत्राने नाचाला पुरते गिळले असते तर बघवले नसते. भरतनाट्यमच्या अडवूंची, म्हणजे मूळ हालचालींची, ओळख पटवायला खरगपूरच्या आयआयटीत याच डोळ्याचा उपयोग झाला आहे. जाखडीच्या वाट्याला तो कधी येतो ते पाहायचे.

मग भाच्याने एक चित्रफीत दाखवली. थिओ वॉटसन आणि एमिली गोबेल यांनी, किनेक्ट येऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा केलेली. माणूस नुसता हात उचलतो आणि भिंतीवर त्या हाताचा एक भलाथोरला पक्षी होतो. कोपर वाकले की मान वाकते, बोटे उघडली की चोच. मला सिंधुदुर्गातली पिंगुळी आठवली. 1981 पर्यंत सिंधुदुर्ग आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होता, आणि पिंगुळीचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या आणि छायाबाहुल्या अजून नाचवतात. तिथे सारा जीव सूत्रात असतो, दोरीच्या ताणातून बाहुलीचा भार बोटांना कळतो. इथे सूत्रच नाही! हलके वाटते खरे, पण बोटांना काहीच परत मिळत नाही याची किंचित हुरहुरही वाटते.

सगळ्यात मोहवणारे दृश्य मात्र शस्त्रक्रियेच्या दालनातले. हातमोजे चढवलेला शल्यविशारद. समोर रुग्ण उघडा. पडद्यावर त्याच्या रक्तवाहिन्यांचे चित्र, आणि ते जरा फिरवून पाहायचे आहे. माउसला हात लावावा तर निर्जंतुकता गेली, पुन्हा हात घासणे आले. दुसऱ्याला सांगावे तर 'डावीकडे, अजून, नाही, जास्त झाले' यात वेळ जाणार. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात 2012 मध्ये डॉक्टरांनी किनेक्टसमोर नुसते हात हलवून ती चित्रे फिरवून पाहिली. ते वाचले आणि मला हसू आले, कारण हा प्रसंग मी लहानपणी रोज पाहिला होता. हिरव्या झग्यातला तो वैद्य म्हणजे सोवळ्यातली आमची आत्याच की! शिवायचे नाही, अडायचेही नाही. दोन्ही पेचांतून वाट काढते ती मनगटाची एक वळणदार खूण. फरक इतकाच की फडताळापाशी आम्ही होतो, तिथे काजवे आहेत.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. गेल्या वर्षी तिचा खांदा आखडला; रोज दहादा हात वर न्यायचा, अशी डॉक्टरांची आज्ञा, जी ती रोज दहादा विसरते. भाच्याने तिलाही पट्टीसमोर उभे केले. लुगड्याच्या निऱ्यांत गुडघे हरवले, त्यामुळे खालचा सांगाडा अंदाजानेच डुलत होता. हात मात्र नेमके उमटले. उजवा कानापर्यंत गेला, डावा खांद्याशी अडला. तिने पडद्यातल्या त्या काटकुळ्या बाईकडे पाहिले, ओठ आवळले आणि डावा दोन बोटे आणखी वर सरकवला. आज्ञेने न घडलेले ते चुरशीने घडले. अशा उपचारांसाठी या यंत्राचा विचार जगभर झाला, यात नवल नाही.

'किनेक्ट गेला' असे म्हणतात तेही तितकेसे खरे नाही. हा डोळा घडवणारी प्राइमसेन्स ही इस्रायली कंपनी अ‍ॅपलने 2013 मध्ये घेतली, आणि 2017 च्या आयफोन टेनपासून तीस हजारांवर अदृश्य ठिपके मालकाच्या चेहऱ्यावर उतरू लागले. काजवे खिशात गेले, एवढेच.

पट्टी बंद करायची राहिली होती. आम्ही जेवून परत आलो, तर रिकाम्या माजघरात पडद्यावर एक सांगाडा उभा. जरासा कललेला, एक हात लोंबता. दोरीवर वाळत घातलेल्या रेनकोटात यंत्राला माणूस सापडला होता. परदेशात भुते शोधणारे हौशी लोक म्हणे अशाच सांगाड्यांवर खूश असतात. भाचा हसत बंद करायला धावला. आत्याने हात वर केला (डावा, बऱ्यापैकी वर), तळव्याने त्याला जागीच थांबवले, आणि तर्जनीने पाटाकडे खूण करत म्हणाली, "असू दे. बस म्हणावं त्याला. आमटी आहे अजून."