कारकुनाच्या चौकटी

कारकून हा आम्हा विनोदी लेखकांचा जुना अन्नदाता. त्याची छत्री, त्याचा डबा, त्याचा साहेब आणि त्याची चुकलेली लोकल यांवर आमच्या इतक्या पिढ्या जगल्या, की मानधनात त्याला वाटा द्यायचा ठरलं तर निम्म्या लेखकांना पुन्हा कारकुनीच करावी लागेल! पण या कारकुनाने आमची वाट न पाहता स्वतःच आपली गोष्ट सांगायला घेतली तर? अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरी नेमकं हेच घडलं. आणि तेही कुठे, तर चित्रकथेत!

हार्वी पीकर यांचा जन्म १९३९ चा. माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळात फायली लावायच्या, हा त्यांचा पेशा. पुढे टीव्हीवाले त्यांना बोलावू लागले, १९८७ साली 'अमेरिकन बुक अवॉर्ड' मिळालं. पण गृहस्थांनी नोकरी सोडली नाही ती नाहीच. थेट २००१ मध्ये निवृत्त झाले. हा शहाणपणा कुठल्याही मराठी वडिलांना पटावा.

चित्रकथेत नाव काढलेल्या या माणसाला चित्रं मात्र येत नव्हती. १९६२ मध्ये त्यांची रॉबर्ट क्रम्ब यांच्याशी गाठ पडली. क्रम्ब तेव्हा क्लीव्हलंडमध्येच शुभेच्छापत्रांच्या कंपनीत नोकरीला होते. दोघांनाही जाझच्या जुन्या रेकॉर्डांचं वेड. मैत्री जमायला आणखी काय लागतं? पुढे क्रम्बचं नाव झालं. पीकरांनी कागदावर चौकटी आखल्या, त्यांत काड्यांची माणसं उभी केली, वर संवाद लिहिले. आणि क्रम्बने त्या काड्यांवर मांस चढवलं. १९७६ पासून पीकर स्वतःच्या खिशाला खार लावून 'अमेरिकन स्प्लेंडर' काढू लागले. स्प्लेंडर म्हणजे वैभव. आत वैभव कसलं, तर कचेरीतल्या गप्पा, घरातल्या कुरबुरी आणि दुकानात पैसे द्यायच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या, घासाघीस करणाऱ्या म्हाताऱ्या बाई!

पण या गोष्टी संपतात कशा, ते पाहा. एका गोष्टीत पीकर नुसते आपल्याकडे तोंड करून उभे आहेत. टेलिफोन डिरेक्टरीत त्यांना आपल्याच नावाचा दुसरा माणूस सापडतो. पुढे नामबंधूंच्या मृत्यूची बातमी येते, काही काळाने तेच नाव डिरेक्टरीत पुन्हा उगवतं. हा नावाचा माणूस आहे तरी कोण, एवढं मनात येतं आणि गोष्ट थांबते. आमच्यापैकी कुणी असता तर त्या तिसऱ्याला घरी चहाला बोलावून, पोस्टमनचा घोटाळा करून टाळ्या घेतल्या असत्या. पीकर टाळी घेत नाहीत.

माझ्या मते त्यांचा खरा मोठेपणा इथे आहे. आम्ही कारकुनाला गोड करून ठेवला. तो बिचारा, भोळा, हसून सोसणारा. वाचक हसतो, सुखावतो आणि त्या माणसाला विसरतो. पीकरांचा कारकून चिक्कू आहे, चिडका आहे, लोकांचा हेवा करतो, आणि हे सगळं तो स्वतःच दाखवतो. त्याला विसरणं जड जातं.

चित्रकार अनेक, म्हणून पीकरही अनेक. क्रम्बचा पीकर घामट, केसाळ, वाकलेला. दुसऱ्या कुणाचा चारचौघांसारखा. पहिल्यांदा गोंधळायला होतं. मग वाटतं, सोमवारचे आणि शनिवारचे आपण तरी एकसारखे कुठे दिसतो?

दोषही आहेत. कधीकधी बोलण्याचे फुगे इतके फुगतात की माणसाला चौकटीत अंग चोरून उभं राहावं लागतं. चित्रकार दुबळा असला की पान सरकारी टिपणासारखं वाचावं लागतं. पण १९९४ चं 'अवर कॅन्सर इयर' वाचावं. पत्नी जॉयस ब्रॅबनर यांच्यासह लिहिलेलं आणि फ्रँक स्टॅक यांनी चितारलेलं. इस्पितळात फायली लावणारा माणूस यात स्वतःच रोगी झाला आहे. शूरपणाचा आव नाही, रडगाणं नाही. भीती, वैताग आणि बायकोची होणारी दमछाक, सगळं जसंच्या तसं.

२००३ साली त्यांच्यावर सिनेमा निघाला. त्यात पॉल जियामाटी पीकर झाले, आणि खरे पीकरही पडद्यावर आले. २०१० मध्ये ते वारले. आता पुन्हा कारकुनावर लेख लिहायला बसलो की वाटतं, आधी त्याला विचारावं, 'बाबा रे, हसू कुठे येतं ते आम्हाला ठाऊक आहे. दुखतं कुठे, ते सांग.'