शिक्षक पहारेकरी झाले तर?

दहावी-बारावीच्या निकालाचे दिवस जवळ आले की शाळाशाळांतून एक सूचना हमखास फिरते : मुलांवर लक्ष ठेवा, कोणी गप्पगप्प दिसले तर कळवा. सूचनेमागचा हेतू चांगलाच आहे. पण अशा लक्ष ठेवण्याने आत्महत्येचे प्रयत्न खरोखर कमी होतात का, हा प्रश्न श्रद्धेचा नाही, तपासून पाहण्याचा आहे. तो तपासला गेला आहे, आणि मिळालेले उत्तर आपल्यापैकी अनेकांना रुचणारे नाही.

युरोपातील दहा देशांत २००९-१० साली ‘सेले’ नावाचा प्रयोग झाला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील डानुटा वासरमन त्याच्या प्रमुख. १६८ शाळा, ११,११० विद्यार्थी, पंधराच्या आसपासची वये. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी शाळांची चार गटांत विभागणी केली. पहिल्या गटात शिक्षकांना प्रशिक्षण दिले : धोक्याची चिन्हे ओळखा, बोला, तज्ज्ञाकडे पोचवा. दुसऱ्यात प्रश्नावलीवरून मुले निवडून तज्ज्ञांनी तपासली. तिसऱ्यात थेट मुलांबरोबर काम झाले. त्याचे नाव ‘याम’. चार आठवड्यांत मिळून पाचेक तास. त्यातले तीन तास भूमिका वठवण्याचे, बाकी चर्चा. जोडीला एक पुस्तिका आणि भिंतीवरची पोस्टर्स. चौथ्या गटात नुसती पोस्टर्स लावली.

२०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेले निष्कर्ष असे. तीन महिन्यांनी कोणत्याच गटात फरक दिसला नाही. बारा महिन्यांनी ‘याम’च्या मुलांपैकी १४ जणांनी (०.७० टक्के) आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे सांगितले, नुसत्या पोस्टर्सच्या गटात ३४ जणांनी (१.५१ टक्के). म्हणजे हजार मुलांमागे पंधरांऐवजी सात. शिक्षकांना पहारेकरी बनवणारा गट आणि नुसत्या पोस्टर्सचा गट यांत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

आता थोडे खडे वेचू. ज्यांनी पूर्वी कधी प्रयत्न केला होता किंवा नुकतेच ज्यांच्या मनात तीव्र विचार आले होते, अशी मुले या तुलनेतून वगळली होती. धोका तर त्यांनाच सर्वांत जास्त! त्यांना ‘याम’ने काय दिले ते या आकड्यांतून कळत नाही. दुसरे, प्रयोगाच्या काळात एकही मृत्यू झाला नाही. ही आनंदाची गोष्ट, पण त्यामुळेच ‘आत्महत्या कमी झाल्या’ असे कोणी या प्रयोगाच्या नावावर सांगत असेल तर ते खरे नव्हे. कमी झाले ते मुलांनी स्वतः सांगितलेले प्रयत्न. आणि १४ व ३४ हे आकडे लहान आहेत, हे गणिताच्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

दुसरा प्रयोग आपल्या देशातला. गोव्याच्या ‘संगथ’ संस्थेने बिहारमधील नालंदा जिल्ह्याच्या सरकारी माध्यमिक शाळांत नववीच्या मुलांसाठी ‘सेहर’ हा कार्यक्रम राबवला. मनातले लिहून टाकायची पेटी, भित्तिपत्रक, मुलांचे गट, परिपाठात चर्चा, गरजेला एकट्याशी बोलणे. काही शाळांत हे काम नेमलेल्या समुपदेशकाने केले. हा समुपदेशक मानसशास्त्राचा पदवीधर नव्हे, प्रशिक्षण दिलेला साधा माणूस. काही शाळांत तेच काम तिथल्याच एका शिक्षकाकडे दिले. २०१८ साली प्रसिद्ध झालेला निकाल चकित करणारा आहे. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे, दादागिरी आणि मारहाण कमी झाली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत परिणाम जवळजवळ शून्य.

यावरून ‘शिक्षकांना हे जमत नाही’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण माझ्या मते तो घाईचा ठरेल. समुपदेशकाला दिवसभर हेच काम होते. शिक्षकाला तासिका, वह्या, परीक्षा, माहितीचे तक्ते आणि वरून हे. शिवाय जो सर गणिताच्या पेपरात नापास करतो, त्याच्याचपुढे मन मोकळे करायला कोणते मूल धजावेल? प्रयोगात तुलना माणसाची झाली, वेळाची आणि नात्याची झालीच नाही. एखाद्या शिक्षकाच्या निम्म्या तासिका काढून घेऊन तेच काम त्याला दिले असते, तर? असा तिसरा गट ठेवला असता तर शिक्षण खात्याला पळवाट उरली नसती.

म्हणून प्रशिक्षण वाया गेले असे नव्हे. ‘तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?’ असे सरळ विचारल्याने मुलाच्या डोक्यात ती कल्पना घुसते, ही भीती निराधार असल्याचे अनेक अभ्यासांनी दाखवले आहे. विचारावे, ऐकून घ्यावे, एकटे सोडू नये, आणि २०२२ पासून देशभर चालणाऱ्या ‘टेलिमानस’च्या १४४१६ या विनाशुल्क क्रमांकावर फोन लावून द्यावा. एवढे कोणत्याही शिक्षकाला करता येते. मात्र शाळेने एवढ्यावर भागवू नये. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात ‘याम’ शाळांत नेताना त्याच्या जोडीला गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांनाही प्रशिक्षणात घेतले. पुढच्या पालकसभेत मुख्याध्यापकांना विचारायचे असेल तर हे विचारा : आपल्या वेळापत्रकात यासाठी आठवड्याला किती तासिका आहेत, आणि त्या कोणाच्या?