यंत्राचा पाऊस

यंत्रातून निघालेल्या नादाला संगीत म्हणावे काय, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी हर्बी हॅन्कॉकची 'सेक्स्टंट' ही १९७३ सालची जॅझची तबकडी एकदा अवश्य ऐकावी. तिच्यात रचना तीनच. पहिली 'रेन डान्स'. तिच्या आरंभी पॅट्रिक ग्लीसनच्या एआरपी सिंथेसायझरमधून टपटपणारे विद्युत्-थेंब तेवढे ऐकू येतात. हे यंत्र व्हायोलिनची वा बासरीची नक्कल करीत नाही. आपले यंत्रपण ते लपवीत नाही. नक्कल करणारे यंत्र वादकाची जागा बळकावू पाहते, हे मात्र त्याच्या शेजारी येऊन बसते. म्हणूनच त्या थेंबांत बस्टर विल्यम्सचा बास शिरतो, तेव्हा तारेवरचे माणसाचे बोट अधिकच जिवंत वाटते.

'हिडन शॅडोज' ही १९ मात्रांच्या आवर्तनाची, तरीही मान आपोआप डोलू लागते. 'हॉर्नेट्स' मात्र साडेएकोणीस मिनिटे चालते, आणि गांधीलमाश्यांचा तो गोंगाट मला पुष्कळदा केवळ गोंगाटच वाटला. तिथे यंत्र आणि वादक एकमेकांचे ऐकत नाहीत.

तबकडी फारशी खपली नाही. त्याच वर्षी हा संच मोडला, आणि ठसठशीत ठेक्याची 'हेड हंटर्स' अमाप खपली. हॅन्कॉकला बोल लावण्याचे कारण नाही. वादकांनाही पोट असते. पण ज्यांच्या संग्रही 'हेड हंटर्स' आहे, त्यांनी 'सेक्स्टंट'ही मिळवावी. त्या यशाच्या वाटेवर काय मागे राहिले, ते त्यांना कळेल.