जुनेपणाची घाई : नव्या लाकडावरील सुरकुत्यांचा विचार

साताऱ्याहून कराडमार्गे सांगलीकडे जाताना रस्त्यालगतची हॉटेले आणि कृषिपर्यटन केंद्रे पाहिली, की ‘वाडा’ हा शब्द किती पाट्यांवर चढला आहे ते लक्षात येते. आत करडे पडलेले खांब, चिरा गेलेल्या तुळया, टवके उडालेली दारे. लाकूड मात्र बहुधा कालपरवाच वखारीतून आलेले असते. याला सजावटीची हौस म्हणून सोडून देता येईल. पण या सजावटीत भूतकाळाविषयी एक विधान दडलेले आहे, आणि विधान म्हटले की ते तपासणे आले.

आधी कृती पाहू. तारेच्या ब्रशने लाकडाचा मऊ भाग खरवडला की कठीण रेषा वर उठून दिसतात. गॅसच्या ज्योतीने पृष्ठभाग जाळून घासला तरी तेच साधते. साखळी आपटून पोचे पाडतात, जाड सुईने किडीची भोके पाडतात. रंगासाठी लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये काही दिवस भिजवून ते पाणी लाकडाला लावतात. लाकडातील टॅनिनशी लोहाचा संयोग झाला की तासाभरात करडी-काळी छटा उतरते. बाभळीत टॅनिन भरपूर असते. पॅकिंगच्या पाइनमध्ये ते कमी, म्हणून त्याला आधी चहाच्या काढ्याचा हात देतात. यात नवे काही नाही. हिरडा आणि हिराकस यांपासून काळा रंग करण्याची रीत आपल्या रंगाऱ्यांना पूर्वापार ठाऊक होती, आणि साताऱ्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत हिरडा मुबलक आहे. कारागिराचे कसब खरेच आहे. प्रश्न आहे तो ते कशाची नक्कल करते, हा.

लाकूड नैसर्गिकरीत्या करडे पडते ते ऊन-पावसाने. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण लाकडातील लिग्निन मोडतात आणि पाऊस ते धुऊन नेतो. म्हणजे करडेपणा हा उघड्यावरच्या लाकडाचा धर्म. वाड्याच्या आतले लाकूड वेगळ्या रीतीने म्हातारे होते. माजघराची तुळई धुराने काळवंडते, उंबरा मधोमध झिजतो, जिन्याची पायरी एका कडेला खोलगट होते, आणि खांब हात पोहोचतो तेवढ्याच उंचीपर्यंत गुळगुळीत होतो. झीज हा घरातल्या वावराचा नकाशा असतो. वाईजवळच्या मेणवलीत कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा वाडा आहे. असा जुना वाडा पाहताना कोण कुठून येत होते, कुठे टेकत होते, याचा अंदाज लाकडावरूनही बांधता येतो. नकली जुनेपणात हा नकाशाच नसतो. तिथे खांब पायथ्यापासून हस्तापर्यंत सारखाच झिजलेला, आणि ज्या तुळईखाली कधी चूल पेटली नाही तीही काळी.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की नांदत्या वाड्याला जुने दिसायचेच नव्हते. लाकडाला तेलाचा हात फिरे, भिंतींना चुना लागे, कुजलेला वासा बदलला जाई. मंदिरांसाठी आपल्याकडे ‘जीर्णोद्धार’ हा शब्द आहे. त्यात जीर्णाचे कौतुक नाही, उद्धाराचे आहे. आलोइस रीगल या ऑस्ट्रियन कलेतिहासकाराने १९०३ साली वास्तूच्या ‘वयोमूल्या’ची संकल्पना मांडली. काळाच्या खुणाच पाहणाऱ्याला भावतात, हे त्याने ओळखले होते. आपल्या हॉटेलांनी हे मूल्य उचलले, पण त्याची अट सोडली. काळ खरोखर गेलेला असावा लागतो, ही ती अट. परिणामी करडी, भेगाळलेली, तेल न पाहिलेली जी लाकडे ‘वाडा’ म्हणून मिरवतात, त्यांतून नक्कल होते ती वाड्याच्या हेळसांडीची. भाऊबंदकीत कुलूप लागलेल्या, छप्पर गळणाऱ्या घराची अवकळा इथे शोभा म्हणून मांडलेली असते.

जॉन रस्किनने १८४९ मध्ये वास्तूतील अप्रामाणिकपणावर टीका करताना एका सामग्रीला दुसऱ्या सामग्रीचे सोंग देण्याला दोष दिला होता. तो निकष सरसकट लावणे मात्र अन्यायाचे होईल. नाटकाच्या नेपथ्यात नकली जुने लाकूड लबाडी ठरत नाही, कारण प्रेक्षकाला करार माहीत असतो. शिवाय पाइनच्या फळीला जुने रूप दिल्याने एखादा खरा खांब वाचत असेल, तर ती नक्कल उपकारकच. पण व्यवहार तसा थांबत नाही. करड्या लाकडाची चटक लागली की खऱ्या जुन्या सागवानालाही गिऱ्हाईक वाढते, आणि दुरुस्तीचा खर्च न झेपणाऱ्या मालकाला वाडा उभा ठेवण्यापेक्षा उतरवून घनफुटावर विकणे परवडते. खांब टिकतो, पण ज्या उंबऱ्याशी आणि पायरीशी त्याचे नाते होते ते तुटते. नव्या जागी त्याची झीज कोणाविषयीच काही सांगत नाही.

याच मुलखात लाकडाच्या वयाकडे पाहण्याची दुसरी रीत जिवंत आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथले कारागीर तुणाचे लाकूड वापरतात, ते वाळून स्थिर होईपर्यंत थांबतात आणि वर लाखेचे पॉलिश चढवून वाद्य नवेकोरे, चकचकीत करतात. लाकडाने काढलेला काळ डोळ्यांना दिसत नाही. तो तबलीच्या आत असतो आणि सुरात ऐकू येतो. लोणचे मुरते तसे हे मुरणे आहे. खरवडून, जाळून, माखून आणलेले वय वरवर राहते.

सांगलीच्या नदीकाठच्या घरांनी २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले. ज्या दारांच्या चौकटी त्या पाण्यात फुगल्या आणि उन्हात पुन्हा आक्रसल्या, त्यांचे वय कोणी रंगवलेले नाही. त्या बदलायच्या की जपायच्या, हा निर्णय त्या घरांत आजही घेतला जातो आहे. जुन्या लाकडाविषयी आपल्याला खरेच ममत्व असेल, तर नवे घर बांधणाऱ्याने नवे लाकूड नवे म्हणूनच लावावे, त्यावर साल कोरावे, दरवर्षी तेल द्यावे. आणि ‘वाड्या’त जेवायला जाणाऱ्याने आपल्या गावातला कोणता वाडा यंदाच्या पावसात गळला, याची चौकशी करावी.