'सर्व रीडिंग टॉलरन्समध्ये' : टीजी-142 वाचताना

रेडिओथेरपीत संशोधन करायचं म्हटलं, की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तुमच्या हातात टीजी-142 ठेवतं. एएपीएम या अमेरिकी संघटनेचा 2009 चा अहवाल. लिनॅकची रोज, दरमहा, दरवर्षी काय तपासणी करायची आणि किती फरक चालेल, याचे तक्ते त्यात आहेत. आउटपुट रोज 3 टक्क्यांच्या आत, महिन्याला 2, वर्षाला 1.

अहवाल चांगलाच आहे. 1994 चा टीजी-40 जुना झाला होता; आयएमआरटी, मल्टिलीफ कोलिमेटर त्यानंतर सर्रास झाले. टीजी-142 ची मला आवडणारी गोष्ट म्हणजे मशीन कशासाठी वापरता त्यावर मर्यादा ठरते. साध्या उपचाराला लेसर 2 मिलिमीटर चुकला तर चालतो, स्टिरिओटॅक्टिकला 1.

पण तक्ता फक्त मशीनकडे बघतो, माणसांकडे नाही. स्पेनमधल्या झारागोझात डिसेंबर 1990 मध्ये लिनॅक दुरुस्त झालं आणि भौतिकशास्त्रज्ञाने न तपासताच पुन्हा उपचाराला लागलं. कोणतीही ऊर्जा निवडा, काटा 36 एमईव्हीवरच. काटा अडकला असेल, असं सगळ्यांनी समजून घेतलं. 27 रुग्णांना भयंकर जादा डोस गेला, त्यातले अनेक दगावले. इथे टॉलरन्स 2 की 3 हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता, दुरुस्ती झाल्याचं कोण कोणाला सांगतं? ही बाजू एएपीएमनेच पुढे 2016 च्या टीजी-100 मध्ये घेतली : आपल्या विभागात काय बिघडू शकतं ते आधी मांडा, तपासण्या मग ठरवा.

आता आपल्या वर्ध्याकडे या. आयन चेंबरमधली हवा बाहेरच्या हवेशी जोडलेली असते, म्हणून रीडिंगला तापमान-दाबाची दुरुस्ती लावतात. आपण वापरतो त्या टीआरएस-398 मध्ये संदर्भ 20 अंश आणि 101.325 किलोपास्कल. वर्धा समुद्रसपाटीपासून साधारण 230 मीटर उंच, म्हणजे इथला खरा दाब पावणेतीन टक्क्यांच्या आसपास कमी. मोबाइलवरच्या हवामानात दिसतो तो मात्र समुद्रसपाटीवर आणलेला दाब! शिकाऊ असताना एका ठिकाणी (नाव जाऊ द्या) मी हाच आकडा एक्सेलमध्ये टाकला होता. बॅरोमीटर कपाटात होता आणि किल्ली सुट्टीवर. सरांनी रकाना बघितला म्हणून वाचलो.

त्यात मे महिना. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी फँटममध्ये भरायचं आणि थर्मामीटर खोलीतल्या एसीच्या हवेत ठेवायचा. पाणी 6 अंशांनी गरम असेल तर आणखी 2 टक्के. गंमत बघा, दोन्ही चुका एकाच दिशेने जातात : मोजलेला डोस खऱ्यापेक्षा कमी दिसतो, तुम्ही आउटपुट वाढवता, आणि रुग्णाला जवळपास 5 टक्के जास्त जातो. वर्षाची 1 टक्क्याची अटही कागदावर पाळलेली, कारण हिशेब त्याच चुकीच्या दाबाने केलाय. रोजची तपासणी तर त्या दिवशीच्या बेसलाइनशीच तुलना करते, तिला काय कळणार?

हा दोष टीजी-142 वर ढकलू नका. कॅलिब्रेशनची पद्धत त्याने वेगळ्या प्रोटोकॉलवर सोडली आहे. माझी तक्रार आपल्या वाचण्याबद्दल आहे. आपण शेवटचा रकाना पाठ करतो, आकडा कशाच्या तुलनेत आहे ते बघत नाही. आणि 'टीएलडी ऑडिट आहे की' असं म्हणून सुटका नाही. 1969 पासून चालणाऱ्या आयएईए-डब्ल्यूएचओच्या टपाली ऑडिटची स्वीकारमर्यादाच 5 टक्के आहे. वरची चूक त्यातूनही जेमतेम पास होईल.

क्यूएवरच्या बऱ्याच शोधनिबंधांचं शेवटचं वाक्य असतं : सर्व मापे मर्यादेत आढळली. असं वाक्य दिसलं की मागे जा. दाब कुठे मोजला, कोणत्या उपकरणाने, पाणी किती वेळ खोलीत ठेवलं, दुरुस्तीनंतर पहिलं माप कोणी घेतलं, हे शोधा. वर्षभराचे आलेख मिळाले तर आणखी बरं, 2.8, 2.9, 2.7 असं एकाच बाजूला चिकटलेलं आउटपुट 'पास'च असतं, पण तिथे काहीतरी सुरू असतं. तुमच्या प्रबंधात दाबाचा रकाना कोरा असेल तर मी तरी पुढचं पान उलटणार नाही.