उंबरठ्यावरची गाणी

डोळे भरतात, डोळे पाझरतात, डोळ्यांना धारा लागतात. अश्रूंच्या बाबतीत मराठीने क्रियापदांची काटकसर कधी केलेली नाही. तरीही ‘गंगा जमुना’ या गाण्यात पी. सावळारामांनी सासरी निघालेल्या लेकीच्या डोळ्यांत त्या दोन नद्या चक्क उभ्या केल्या. नदी म्हटली की वाहणे आले, आणि इथे ती पापणीच्या काठाशी खोळंबली आहे, अजून न ओघळलेली, कुणीतरी मायेने एक शब्द बोलायचा अवकाश, की बांध फुटणार. शिवाय या दोन नद्यांची नावे जोडीने घेतली की संगम मनात येतोच, आणि प्रसंग तर ताटातुटीचा! पुन्हा, कवी हे विधान म्हणून सांगत नाही, पाठवणी करणाऱ्या आईच्या तोंडी तो प्रश्न म्हणून घालतो. उत्तर ठाऊक असूनही विचारलेला, खरे तर स्वतःचेच रडू आवरण्यासाठी विचारलेला. ऐन तारुण्यातल्या लता मंगेशकरांच्या स्वरात आईचे हे शब्द ऐकताना लेक आणि आई एकाच गळ्यातून बोलतात असे आपल्याला वाटू लागते, आणि वसंत प्रभूंची चाल मध्ये लुडबुड न करता त्या दोघींच्या बाजूला नुसती उभी राहते. कल्याण-डोंबिवलीतल्या मंगल कार्यालयांत पाठवणीच्या वेळी अजूनही ही तबकडी लावतात. आता ती मोबाइलमधून वाजते एवढाच फरक, बाकी मुलीच्या मावशीने पदर डोळ्याला लावायची जागा तीच.

या कवीचे खरे नाव निवृत्ती रावजी पाटील. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात, येडेनिपाणी या गावी ४ जुलै १९१४ रोजी जन्म, शिक्षण कोल्हापूरला, आणि पुढचे आयुष्य ठाण्यात, ते इतके की वारणा-कृष्णेकडच्या या पाटलाला महाराष्ट्र ठाण्याचाच कवी समजतो. साठच्या दशकात ते ठाणे नगरपालिकेचे नगराध्यक्षही झाले. नळ, गटारे, दिवाबत्ती यांच्या फायली पाहणारा माणूस आणि पाणवठ्यावरच्या गौळणीची अडचण ओळखणारा माणूस एकच, याचे मला फारसे नवल वाटत नाही. दोन्ही कामांत दाराशी आलेल्याचे ऐकून घ्यावे लागते. आणि सावळारामांच्या गाण्यांतली माणसे, आपण नीट पाहिले तर, जवळजवळ नेहमी दाराशीच उभी असतात: ना घरात, ना बाहेर.

ती गौळणच पाहा. ‘घट डोईवर’मध्ये एक घट डोक्यावर, दुसरा कमरेवर, म्हणजे दोन्ही हात गुंतलेले. नेमक्या याच वेळी नंदलालाने पदर धरलेला. परंपरेतल्या गौळणी हरीला रागावतात, यशोदेकडे गाऱ्हाणे नेतात; हिला ते करायलाही सवड नाही, कारण जरा हललो तर घागर हिंदकळणार. तक्रार करणारीचे हात कवीने आधी बांधून टाकले आणि मग तिला बोलते केले. लटका राग आणि खरी पंचाईत यांतले अंतर त्या दोन घागरींनी मोजता येते. आणि ती उभी कुठे आहे? पाणवठा मागे राहिला, घर अजून पुढे आहे.

त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. ध्रुवपद आणि फार तर तीन कडवी, एवढ्यात अख्खा प्रसंग उभा करून तो सोडायचा. मला वाटते सावळारामांना ही तंगी मानवली. ‘सप्तपदी’ घ्या. लग्नविधीतली सात पावले आयुष्यात एकदाच चालायची; ही स्त्री ती रोज चालते. एका ‘रोज’मध्ये अग्नी, मंत्र, अक्षता सगळे मागे पडते आणि चूल, उंबरा, तुळशीवृंदावन यांच्यामधली तिची ये-जा हाच विधी होऊन बसतो. आजच्या कानाला नवऱ्याशी असलेली तिची शंभर जन्मांची निष्ठा जरा जड वाटते, नाही असे नाही. पण तीत दडलेला अभिमान ऐकू आला की ती केवळ शरणागती राहत नाही.

‘कल्पवृक्ष कन्येसाठी’ हे गाणे तर दीनानाथ मंगेशकरांच्या आठवणीशी कायमचे जोडले गेले आहे. दीनानाथ एप्रिल १९४२ मध्ये गेले तेव्हा लता अवघी बारा वर्षांची होती. बाप गेला आणि त्याने लावलेले झाड मागून बहरले, हे गाणाऱ्या गळ्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मात्र त्या चरित्राच्या ओझ्याखाली शब्दांची एक नाजूक करामत आपल्या नजरेतून निसटते. आरंभी मुलगी बापाविषयी बोलते ती एकवचनात, जात्यावरच्या ओव्यांतल्या सासुरवाशिणी ‘बाप माझा’ म्हणतात त्या हक्काने. आणि लगोलग त्याला हे वैभव पाहायला बोलावताना ती आदरार्थी बहुवचनावर येते, पाहुण्याला बोलवावे तशी, अदबीने, किंचित भीत भीत. गेलेला बाप जवळचा असतो. बोलवायचा बाप मात्र फार दूर गेलेला असतो. व्याकरणाच्या एवढ्याशा बदलात सावळारामांनी मृत्यूचे अंतर बसवले. हे त्यांनी ठरवून केले की ओघात झाले, याची चिकित्सा खुशाल कुणी करावी. गाणे ऐकताना घसा दाटतो तो मात्र नेमका त्या वळणावर.

‘जेथे सागरा’ हे १९६१ च्या ‘पुत्र व्हावा ऐसा’ या चित्रपटातले, सुमन कल्याणपूर यांनी गायलेले. वाट पाहणाऱ्या नायिका मराठी गीतांत पैशाला पासरी. पण हिने भेटीची जागा निवडली ती धरती आणि समुद्र एकमेकांना टेकतात तिथे. वाळूत शंख-शिंपले वेचणारे बालपण तिथेच, धुंद यौवनही तिथेच, आणि आकाशातली चंद्रकोर पाहून सागराच्या उरात उठणारी लाटही तिथलीच. एका किनाऱ्यावर सगळे वय मांडून ती उभी आहे. किनाऱ्याची रेघ लाटेगणिक पुसते आणि लाटेगणिक नवी होते. तिथे कुणी वाट पाहावी यात प्रीतीचे जेवढे सौंदर्य आहे तेवढेच तिचे बेभरवसेपण.

आणि मग विठ्ठल. या कवीने विठ्ठलालाही उंबरठ्यावर आणले. ‘पंढरीनाथा’ या गाण्यात खुद्द रखुमाई देवाला विनवते की आता पंढरी सोडू या, कारण भेटीसाठी धरणे धरून बसलेले हरिजन पायरीशीच खोळंबले आहेत. हरिजनांच्या मंदिरप्रवेशासाठी साने गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपुरात केलेले उपोषण ज्यांना ठाऊक आहे त्यांना या विनवणीतली आच कळेल. एरवी भक्तिगीतात भक्त रुसतो. इथे घरधनीणच रुसली आहे, आणि ती मंदिर उघडा असे बडव्यांना सांगत नाही, नवऱ्याला सांगते की चला, निघू या. संसारातली सर्वांत जुनी धमकी सावळारामांनी सामाजिक न्यायाच्या कामी लावली! ‘विठ्ठल तो आला’ ही याच गोष्टीची दुसरी बाजू समजा. तिथली बाई तुळशीची माळ घालत नाही, टाळ कुटत नाही, वारीला गेलेली नाही; घरच्या माणसांतच तिचे देव. तिच्या दारी विठ्ठल आपणहून येतो. दोन्ही गाणी शेजारी ठेवून ऐकावीत. युगानुयुगे विटेवर उभा असलेला देव एका गाण्यात निघायच्या बेतात आहे आणि दुसऱ्यात पोचला आहे.

‘शिकलेली बायको’ (१९५९), ‘कन्यादान’ (१९६०) या चित्रपटांची गाणी अशीच घरोघरी गेली. ‘कन्यादान’मधल्या लाडक्या लेकीच्या गाण्याचा पडसाद तर अर्धशतकानंतर एका लोकप्रिय मालिकेच्या नावातही उमटला. १९६७ मध्ये वसंत प्रभू गेले आणि सावळाराम, प्रभू, लताबाई या तिघांची मैफल मोडली. सावळाराम स्वतः २१ डिसेंबर १९९७ रोजी गेले. ठाण्याने त्यांना जनकवी म्हटले, त्यांच्या नावे पुरस्कार ठेवला, हे बरेच झाले. तरी गडकरी रंगायतनात, कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात किंवा डोंबिवलीच्या फुले कलामंदिरात भावगीतांचे कार्यक्रम रंगतात तेव्हा निवेदक गायिकेचे नाव भरभरून सांगतात, संगीतकाराचेही सांगतात, आणि टाळ्यांच्या गजरात गीतकाराचे नाव पुष्कळदा राहून जाते. पुढच्या वेळी असे झाले तर मध्यंतरात निवेदकाला गाठा आणि ते नाव उत्तरार्धात तरी घ्यायला लावा.