कॉफी-सांडपाण्यापासून मिथेन : एका निकषाची चिकित्सा

कर्नाटकातील कोडगू व चिक्कमगळूरु जिल्ह्यांतील मळ्यांवर कॉफीच्या पिकलेल्या फळांवर ओली प्रक्रिया केली जाते. फळाचा गर व बियांवरील बुळबुळीत थर काढताना निघणारे सांडपाणी आम्लधर्मी असून त्यात शर्करा व पेक्टिन विपुल असते. ते ओढ्यात मिसळल्यास पाण्यातील ऑक्सिजन झपाट्याने खर्ची पडतो. कोडगू हे कावेरीचे उगमक्षेत्र असल्याने हा प्रश्न मळ्याच्या कुंपणापुरता राहत नाही.

यावर हवाविरहित म्हणजेच अवायुजीवी प्रक्रियेचा उपाय सुचविला जातो आणि मिळणाऱ्या मिथेनच्या प्रमाणावरून त्याचे यश मोजले जाते. एक किलो रासायनिक ऑक्सिजन मागणी (सी.ओ.डी.) नाहीशी झाल्यास सिद्धान्ततः ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. लिटरमागे १० ग्रॅम मागणी असलेल्या सांडपाण्यात ८० टक्के घट साधली, तर दर घनमीटर सांडपाण्यामागे २.८ घनमीटर मिथेन हाती येतो. हे गणित चूक नाही. ते अपुरे आहे. उरलेले २० टक्के म्हणजे लिटरमागे २,००० मिलिग्रॅम. भूपृष्ठीय जलप्रवाहांत सांडपाणी सोडण्याची भारतातील सर्वसाधारण मर्यादा २५० मिलिग्रॅम आहे. म्हणजेच ऊर्जेच्या दृष्टीने यशस्वी ठरलेले संयंत्र नदीच्या दृष्टीने आठपट अपयशी असू शकते. पुढील वायुजीवी शुद्धीकरण त्यामुळेच अपरिहार्य ठरते.

दुसरी अडचण हंगामाची आहे. मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीव सावकाश वाढतात, तर आम्लनिर्माते वेगाने. हंगामारंभी भार एकदम वाढल्यास आम्ल साचून वायुनिर्मिती खुंटते. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवनींना मळी साठवून गळीत हंगामानंतरही काम चालू ठेवता येते. कॉफीचे ताजे फळ मात्र साठवता येत नाही. संयंत्र पूर्ण क्षमतेस पोहोचेपर्यंत तोडणी सरत आलेली असते.

तिसरा मुद्दा मूलभूत आहे. गर पाण्यात मिसळू न देणे हा प्रदूषण टाळण्याचा पहिला मार्ग. परंतु त्याने सांडपाण्यातील सेंद्रिय भार व पर्यायाने मिथेन घटतो. मिथेन हाच निकष मानल्यास ही सुधारणा तोटा ठरते. जो निकष स्वच्छतेलाच नुकसान मानतो, तो स्वीकारार्ह नाही.

अवायुजीवी प्रक्रियेचे मोल यामुळे कमी होत नाही. मिथेन हे तिचे स्वागतार्ह उपफल आहे. तिच्या यशाची कसोटी मात्र मळ्याबाहेर पडणाऱ्या पाण्यावरच लागावयास हवी.